आभाळाची धूळ, मुक्ताबाईंची घागर

माणसानं पीएच.डी. करावी की करू नये, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण करायचीच असेल तर विषय निदान असा घ्यावा, की घरी फोनवर सांगता आला पाहिजे. उत्तरेश्वरचं घोडं तिथंच पेंड खात होतं. केज तालुक्यातलं हे पोरगं पुण्यात येऊन चार वर्षं झाली होती, आणि या चार वर्षांत त्यानं केलं काय? तर धूळ गोळा केली.

साधी धूळ नव्हे हो. अवकाशातली. तिकडं वर दगडधोंडे एकमेकांवर आपटतात, धूमकेतू भुगा सांडत जातात, आणि त्यातलं थोडंथोडं रोज आपल्या डोक्यावर पडतं. कण मोहरीपेक्षाही लहान. हवेतून येताना तो वितळतो आणि त्याची चक्क गोळी होते. पोटात लोखंड असतं, म्हणून लोहचुंबकाला चिकटते. पृथ्वी नव्हती तेव्हापासूनचा हा माल, आणि तो पडतो कुठं, तर कर्वेनगरच्या गच्चीवर.

"धूळच गोळा करायची होती तर हितं काय कमी होती का?" त्याचे वडील, आण्णा, दर रविवारी फोनवर विचारायचे. या प्रश्नाला उत्तर नव्हतं. म्हणजे उत्तर होतं, पण ते बत्तीस पानांचं होतं आणि इंग्रजीत होतं.

चार वर्षं हे खपून गेलं. मग दिवाळीत विद्यापीठाची फेलोशिप संपली. गाइड मॅडमच्या प्रकल्पाचे पैसे दिल्लीहून यायचे होते. ते 'प्रोसेसमध्ये' होते. प्रोसेस म्हणजे काय ते देवाला ठाऊक, पण त्यात गेलेली वस्तू बाहेर आलेली कुणी पाहिली नव्हती. आण्णांनी एके रविवारी स्पष्टच सांगितलं, "गुढीपाडव्यापर्यंत बघ. नाहीतर गुमान परत ये. चुलत्याच्या कृषी सेवा केंद्रात गल्ल्यावर माणूस पाहिजे." उत्तरेश्वरला त्या रात्री जेवण गेलं नाही. युरियाची पोती त्याला डोळ्यांसमोर दिसायला लागली. खत विकण्यात वाईट काही नाही, पण आपल्या बारा ट्रेंमध्ये आभाळ साचत असताना आपण गल्ल्यावर बसायचं, हे त्याला सहनच होईना.

आता हे बारा ट्रे काय, ते सांगायला हवं.

उत्तरेश्वर राहायचा त्या इमारतीचे मालक हिंदुराव. इमारतीच्या जागी पूर्वी त्यांचं ज्वारीचं रान होतं. गाव शहरात आलं, रानावर पाच मजले उभे राहिले, पण हिंदुराव अजून सकाळी गच्चीवर जाऊन चारी बाजूंना बघून यायचे, पेरणी कुठवर आली ते बघितल्यासारखं. त्यांची बायको मुक्ताबाई. बाई मनानं सोनं, आणि हाताला एक क्षण उसंत नाही. उत्तरेश्वरवर दोघांचा जीव. त्यानं गच्ची मागितली तेव्हा हिंदुरावांनी विचारलंसुद्धा नाही कशाला. दसऱ्याला त्यानं तिथं बारा पांढरे मोठे ट्रे मांडले. त्याचा रूममेट शुभंकर पुण्यात मुरलेला. त्यानं प्रत्येक ट्रेवर मार्करनं लिहून दिलं, "यातील धूळ कामाची आहे. आपणही काम करावे."

सहा महिने ट्रेंना कुणी बोट लावलं नाही. उत्तरेश्वरनंही नाही. आणि आता सगळी मदार नारायण पेठेतल्या एका ट्रस्टवर होती.

हा ट्रस्ट भूविज्ञान आणि अवकाशविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांची फेलोशिप द्यायचा. म्हणजे द्यायचा असं आपलं म्हणायचं. ट्रस्टच्या घटनेत कलम चार होतं: 'जे संशोधन डोळ्यांदेखत दाखविता येत नाही, त्यास मदत करू नये.' ट्रस्ट काढणाऱ्या आजोबांनी लिहिलेलं हे कलम आता ट्रस्ट चालवणारे नातू अच्युतराव भाटवडेकर, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, अक्षरशः पाळत. कृष्णविवरावर काम करणारा एक मुलगा गेला होता. "दिसत नाही ना? मग या," असं म्हणून त्याला चहाही न देता वाटेला लावलं होतं. पृथ्वीच्या गाभ्यावर काम करणाऱ्या एका मुलीला ते म्हणाले होते, "खणा. पोचलात की कळवा."

शिवाय अर्जाचे नखरे किती! अर्ज मराठीत हवा, आणि अक्षर इतकं मोठं हवं की एका पानावर जेमतेम नऊ ओळी मावाव्यात. उत्तरेश्वरचा अर्ज एकशे चाळीस पानांचा झाला. तो त्यानं पोत्यासारखा खांद्यावर नेऊन दिला. अच्युतराव म्हणाले, "शनिवारी दहाला गच्ची बघू. ट्रे माझ्यासमोर उचलायचे. आधी उचललेत तर मी जिना चढणार नाही. गुडघे माझे आहेत."

म्हणजे बघा, सहा महिन्यांची धूळ ट्रेंमध्ये जशीच्या तशी राहायला हवी होती. शनिवारपर्यंत. बस्स, एवढंच.

गुरुवारी उत्तरेश्वर जिन्यात मुक्ताबाईंना म्हणाला, "मावशी, शनिवारी एक मोठे साहेब येणार आहेत. आपले ट्रे बघायला. माझं सगळं त्यांच्या हातात आहे."

"आपलं ट्रे बघाया?" मुक्ताबाईंनी पदर खोचला. "येऊ दे की. तू नगं काळजी करू."

इथं एखाद्या शहाण्या माणसाच्या कानात घंटा वाजली असती. पण उत्तरेश्वर शास्त्रज्ञ होता. तो खूश होऊन प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक मागायला गेला, आणि शुक्रवारचा सबंध दिवस सहीसाठी या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला.

शनिवारी सकाळी तो परस्पर नारायण पेठेत गेला, अच्युतरावांना रिक्षात घालून आणलं, आणि सूक्ष्मदर्शकाची पेटी छातीशी धरून पाच मजले त्यांच्या मागं चढला. अच्युतराव दर मजल्यावर थांबत आणि एक वाक्य बोलत. पहिल्यावर म्हणाले, "लिफ्ट शोभेची दिसते." दुसऱ्यावर, "आभाळ तळमजल्यावर पडत नाही वाटतं." तिसऱ्यावर त्यांना बोलवेना, तेव्हा उत्तरेश्वरला जरा बरं वाटलं.

गच्चीचं दार उघडलं. हिंदुराव पांढऱ्याशुभ्र कपड्यांत हात जोडून उभे. शेजारी मुक्ताबाई, नवं लुगडं नेसून. आणि उन्हात, ओळीनं, बारा ट्रे. लखलखीत! नवे आणले तेव्हासुद्धा इतके पांढरे नव्हते. प्रत्येक ट्रेमध्ये, एका मापाचे, एका रांगेत, कोहळ्याचे सांडगे.

उत्तरेश्वरच्या हातातली पेटी हळूहळू खाली जायला लागली, ती हिंदुरावांनी वरच्यावर धरली.

अच्युतराव पहिल्या ट्रेवर वाकले. "हे काय आहे?"

पोराचा पांढराफटक चेहरा हिंदुरावांनी पाहिला. काहीतरी बिनसलंय एवढं त्यांना कळलं, काय ते कळलं नाही. पण गडी मदतीला धावून जाणारा. "पडलंय वरनं," ते ठामपणे म्हणाले.

अच्युतरावांनी एक सांडगा उचलला, नाकाशी नेला, टोकाला जरा चावून पाहिला. "आभाळात जिरं आहे," ते म्हणाले. "हिरवी मिरचीही आहे. ही माहिती अर्जात नव्हती."

"मावशी," उत्तरेश्वरचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला, "ट्रेमधली धूळ?"

"तर!" मुक्ताबाईंना वाटलं, कौतुकच चाललंय. "केवढी धूळ रे लेकरा! पाव्हणं येणार आन् भांडी अशी दावायची? काल सगळी घासली. आन् रिकामं ताट पाव्हण्यापुढं ठिवत न्हाईत, म्हनून सांडगं घातलं."

"त्यावर लिहिलं होतं ना, मावशी!"

"व्हय की. ते बी घासलं. निघता निघंना मेलं."

उत्तरेश्वर मटकन खाली बसला. त्याला रडू यायला लागलं, आणि हसूही यायला लागलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं नुसतीच उचकी लागली. सहा महिने! दिवाळीच्या फटाक्यांतून, होळीच्या राखेतून, कबुतरांच्या कृपाप्रसादातून राखलेली धूळ, आणि ती एका बाईनं पाव्हणचारापायी काथ्यानं घासून काढली. तिच्यावर रागवायचं तरी कोणत्या तोंडानं? पाडवा आठ दिवसांवर होता. त्याला युरियाचा वास यायला लागला.

त्याचं तोंड बघून मुक्ताबाई पुढं झाल्या. "काय झालं रं? म्या काय केलं?"

"त्या धुळीत आभाळातून पडलेले कण होते, मावशी. तेच साहेबांना दाखवायचे होते. आता गेलं सगळं गटारात."

"गटारात?" मुक्ताबाईंनी कमरेवर हात ठेवले. त्यांचा अपमान झाला होता. "मी पानी गटारात सोडती व्हय? या घरात सून होऊन आले तवापासनं एक तांब्या पानी वाया घातलं न्हाई. धुतलेलं पानी बादलीत निवळू दिलं. वरचं नितळ कुंड्यांना घातलं."

उत्तरेश्वर बसल्याजागी ताठ झाला. "आणि खालचा गाळ?"

मुक्ताबाई पहिल्यांदाच जरा चाचरल्या. "गाळ लई बारीक हुता रे. रांगोळीवानी. म्हनलं टाकायचा कशाला. त्यानं मी घागर घासली."

कोपऱ्यात, टाकीच्या सावलीत, पितळेची घागर होती. सूर्य तिच्यात स्वतःचं तोंड बघत होता. साडेचारशे कोटी वर्षं जुना ऐवज, ग्रह घडवून उरलेला, आणि तो कर्वेनगरात घागरीला लागला. पण काहीही म्हणा, घागर निघाली होती मात्र झकास.

"सगळा संपला?" उत्तरेश्वरनं कसंबसं विचारलं.

"सगळा कसा संपंल? तांब्याची भांडी हायत ना अजून." मुक्ताबाईंनी टाकीमागं हात घातला आणि एक नारळाची करवंटी काढली. तिच्यात काळपट, वाळलेला, बारीक गाळ अर्ध्यापर्यंत होता.

उत्तरेश्वरनं ती करवंटी दोन्ही हातांनी अशी धरली, की बारशात आत्यानं भाचा धरावा. मग मात्र त्याचे हात भराभर चालायला लागले. हिंदुरावांचं स्टूल आलं, त्यावर सूक्ष्मदर्शक. गाळ ताटलीत पसरला. लोहचुंबकाला पातळ पिशवी गुंडाळून तो वरून फिरवला. चिकटलेलं काचेवर झटकलं. पुन्हा फिरवलं. अच्युतराव खुर्चीत बसून सांडगा खात होते.

पहिली काच पाहिली, फटाक्यांचा चुरा. दुसरी, वेल्डिंगचे थेंब. तिसरीवर कुणाच्या तरी रिक्षाचा ब्रेक. चौथी, पाचवी, सहावी. उत्तरेश्वरच्या कपाळावरून घाम ओघळून भिंगावर पडायला लागला, तो मुक्ताबाई पदरानं टिपत होत्या. आठव्या काचेवर त्याचा हात थांबला. काळी, गोल, एकटी.

"सापडली!" तो ओरडला. इतका मोठ्यांदा, की समोरच्या सोसायटीतल्या एका बाईंनी खिडकी लावून घेतली. "सर, या, बघा!"

अच्युतराव उठले. चष्मा काढला, भिंगाला डोळा लावला. बराच वेळ तसेच राहिले. मग दुसरा डोळा लावला. मग पुन्हा पहिला.

"मला माझी पापणी दिसते आहे," ते म्हणाले.

उत्तरेश्वरनं भिंग फिरवलं, उजेड वाढवला. "आता?"

"आता जास्त स्पष्ट पापणी."

अच्युतराव चष्मा पुसत राहिले, आणि उत्तरेश्वरला एकदम ती नऊ ओळींची पानं आठवली. अहो, या माणसाला दिसतच नव्हतं! "मोतीबिंदू," अच्युतराव शेवटी कोरडेपणानं म्हणाले. "दोन्ही. डॉक्टर म्हणतात पिकू द्या. आंबा असल्यासारखं बोलतात. आणि आजोबांचं कलम स्पष्ट आहे, डोळ्यांदेखत. मला दिसलं नाही, तर मी 'दिसलं' असं लिहिणार नाही. आपण वाईट वाटून घेऊ नका. मला आपल्याइतकंच वाईट वाटतं आहे, फक्त माझ्या चेहऱ्यावर ते दिसत नाही."

झालं! देव देतो आणि कर्म नेतो, म्हणतात ते असं. उत्तरेश्वरनं मान खाली घातली. भांडायचं तरी कुणाशी, म्हाताऱ्याच्या डोळ्यांशी?

"सरक," मुक्ताबाई म्हणाल्या. त्यांनी उत्तरेश्वरला कोपरानं बाजूला केलं आणि भिंगाला डोळा लावला. "मी घासलं काय ते मला तरी बघू दे."

आणि मग त्या बराच वेळ हलल्याच नाहीत.

"अगं बया," त्या हळूच म्हणाल्या.

अच्युतराव पुढं झाले. "काय दिसतंय?"

"गोळी हाय. मोहरीवानी काळी, पर मोहरीला कुठं हिची सर! काचंवानी चकाकतीया. आन् अंगावर रेघा हायत."

"कशा रेघा?"

"सरळ. एकीशेजारी एक. नांगरून ठिवलेल्या रानावानी."

अच्युतरावांनी पिशवीतून अर्जाची चळत काढली. पान सत्त्याऐंशी त्यांनी नाकाला टेकवलं आणि मोठ्यांदा वाचलं, "कण वेगाने थंड होताना पृष्ठभागावर समांतर पट्टे उमटतात." मग त्यांनी पान खाली घेतलं. "त्या रेघा एकमेकींना कुठं छेदतात का?"

"न्हाई. गुण्यागोविंदानं चालल्यात."

"हे तुम्हाला या मुलानं आधी पढवून ठेवलेलं नाही कशावरून?"

मुक्ताबाईंनी भिंगावरून डोळा काढला आणि त्या म्हाताऱ्याकडं असं बघितलं, की हिंदुराव दोन पावलं मागं सरले. "अवो साहेब, मला आधी सांगितलं असतं, तर मी घासलं असतं का?"

नारायण पेठेत अठ्ठ्याहत्तर वर्षं काढलेल्या त्या माणसानं चक्क कबुलीची मान डोलावली. त्यांच्या उभ्या आयुष्यात असं किती वेळा घडलं असेल, कुणास ठाऊक. ते खुर्चीत बसले, खिशातून पेन काढलं, आणि ट्रस्टच्या छापील कागदावरचं स्वतःचं नाव खोडलं. "कलम चारमध्ये 'डोळ्यांदेखत' एवढंच आहे," ते म्हणाले. "कुणाच्या डोळ्यांदेखत, ते आजोबांनी लिहिलेलं नाही. बाई, इथं सही करा. 'प्रत्यक्ष पाहणाऱ्याची सही.'"

मुक्ताबाई चौथी शिकलेल्या. त्यांनी जीभ दातांत धरून एकेक अक्षर काढलं. हिंदुरावांनाही सही करायची होती. त्यांनी भिंगातून बघितलं, आणि प्रामाणिकपणे सांगून टाकलं की त्यांनाही पापणीच दिसते.

पाडव्याच्या आदल्या दिवशी पोस्टानं पत्र आलं. नारायण पेठेतून कर्वेनगरात यायला त्याला पाच दिवस लागले. 'फेलोशिप दोन वर्षांसाठी मंजूर. कलम पाच नव्याने घालण्यात येत आहे: पाहणीपूर्वी ट्रे घासू नयेत. सांडगे बरे होते. मीठ कमी.'

उत्तरेश्वर जिन्यातच बसला आणि पोटभर रडला. मुक्ताबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि मधूनच म्हणत राहिल्या, "मीठ बरोबर हुतं."

मग त्यानं आण्णांना फोन लावला. या वेळी त्यानं बत्तीस पानं बाजूला ठेवली आणि घागरीची गोष्ट सांगितली. शेवटी आण्णांनी एवढंच विचारलं, "ते फक्त पुण्यातच पडतंय का?"

"नाही आण्णा. सगळीकडं पडतं. आपल्या घरावर पण."

"बरं," आण्णा म्हणाले आणि फोन ठेवला.

चौथ्या दिवशी स्वारगेटहून एका एसटी ड्रायव्हरचा फोन. तुमचं पार्सल आणलंय, लवकर न्या, गाडी लागायचीय. उत्तरेश्वर गेला, तर पार्सल म्हणजे पोतं. युरियाचंच, पण तोंड सुतळीनं शिवलेलं. ते खांद्यावर घेऊन तो सिटी बसमध्ये चढला. कंडक्टरनं पोत्याचं वेगळं तिकीट फाडलं आणि विचारलं, "आत काय?" उत्तरेश्वर म्हणाला, "माहीत नाही." कंडक्टर म्हणाला, "मग मांडीवर घ्या."

गच्चीवर आणून त्यानं सुतळी कापली. आत बारीक, मऊ, काळपट धूळ. तोंडापर्यंत भरलेली. वर वहीच्या पानाची घडी होती, आणि आण्णांचं ते वाकडंतिकडं अक्षर:

'पत्र्यावरची हाय. तुझ्या आईनं झाडली, मी चाळली. खाली पडली ती बारीक तेवढीच पाठवली. लागली तर अजून सांग. हिकडं आभाळ मोठं हाय.'

उत्तरेश्वरनं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा त्याला अक्षरं दिसेनात, अच्युतरावांसारखी गत झाली.

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मुक्ताबाई आल्या. हातात तांब्याचा बंब होता, काळाठिक्कर. त्यांनी पोत्याकडं बघितलं, आत हात घातला, चिमूट बोटांत चोळून पाहिली, आणि त्यांचे डोळे चमकले.

उत्तरेश्वर उठला आणि पोत्यावर बसला.